विश्लेषण : वसईचा दुभाषी, नागासाकीचा क्रूस… भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया कोण होते?

जपानच्या नागासाकी शहरात निशिझाका नावाची एक टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी या टेकडीवर २६ जणांना एकाच दिवशी क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांतला एक जण आपल्या वसईचा होता. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. तो धर्मगुरू नव्हता, सरदार नव्हता, विद्वान म्हणूनही त्याची ख्याती नव्हती. जपानी भाषा उत्तम येणारा एक साधा ब्रदर, एवढीच त्याची ओळख होती. २६५ वर्षांनंतर कॅथलिक चर्चने त्याला संत म्हणून जाहीर केले. वसईचा हा मुलगा जपानला कसा पोहोचला? त्याला मृत्युदंड का झाला? आणि सुटकेचा मार्ग समोर असतानाही या २६ जणांपैकी कोणीही माघार का घेतली नाही?

वसईत जन्म, पण कोणत्या वसईत?

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४च्या तहात वसई आणि आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला होता. त्यामुळे गोन्सालो जन्मले तेव्हा वसईवर पोर्तुगीज अंमल सुरू होऊन दोन दशके उलटली होती. आज पडक्या भिंती, कमानी आणि वेलींनी वेढलेले चर्चचे मनोरे दिसतात तो वसईचा किल्ला तेव्हा आकार घेत होता.

त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक, कोकणातली होती. अशा मिश्र कुटुंबातल्या मुलांना पोर्तुगीज समाजात संधी मिळत असली तरी वरच्या पायरीवर त्यांना सहसा जागा नसे. पोर्तुगीज हद्दीतले धार्मिक संघ स्थानिक आणि मिश्र वंशाच्या तरुणांना पूर्ण सदस्यत्व द्यायला फारसे उत्सुक नसत. गोन्सालोंचे पुढचे आयुष्य समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

वसईत जेझुइटांची, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंची शाळा होती. लहानगा गोन्सालो तिथे शिकला. फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांनी त्याच्याकडे विशेष लक्ष दिले, असे त्याचे चरित्रकार नोंदवतात. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, १५७२मध्ये, हा मुलगा जेझुइट मिशनऱ्यांबरोबर जहाजाने जपानला निघाला.

वसई-गोवा आणि जपान यांचा संबंध काय?

त्या काळात हा संबंध आजच्यापेक्षा जवळचा होता. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी गोवा होती. लिस्बनहून निघालेली जहाजे गोव्याला येत. तिथून मलाक्का आणि मकावमार्गे जपान गाठले जाई. आंजिरो हा जपानी तरुण १५४८मध्ये गोव्यातच ख्रिस्ती झाला होता. त्याच्याकडून जपानची माहिती मिळाल्यावर संत फ्रान्सिस झेवियर १५४९मध्ये कागोशिमा बंदरात उतरले आणि जपानमधल्या ख्रिस्ती धर्मप्रसाराला सुरुवात झाली. झेवियर यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे.

म्हणजे गोन्सालो जपानला पोहोचले तेव्हा तिथल्या मिशनला जेमतेम दोन तपे झाली होती. क्यूशू बेटावरचे काही दाइम्यो, म्हणजे प्रादेशिक सरदार, ख्रिस्ती झाले होते. त्यांच्याबरोबर प्रजेनेही मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला. यात खरी श्रद्धा होती, तसाच पोर्तुगीज जहाजांच्या व्यापाराचा मोहही होता.

दहा वर्षे काम करूनही नकार का मिळाला?

गोन्सालोंनी जपानमध्ये धर्मशिक्षक म्हणून काम केले. मुलांना शिकवणे, युरोपीय धर्मगुरूंसाठी दुभाषी होणे, गावोगाव त्यांच्याबरोबर फिरणे असे हे काम होते. कोवळ्या वयात आल्यामुळे त्यांनी जपानी भाषा चटकन आत्मसात केली. युरोपातून प्रौढ वयात आलेल्या मिशनऱ्यांना वर्षानुवर्षे न साधणारी सहजता त्यांच्या बोलण्यात होती.

त्यांची एकच इच्छा होती : जेझुइट संघाचे सदस्य व्हायचे. सुमारे दहा वर्षे काम करूनही ती पूर्ण झाली नाही. अखेर त्यांनी ते काम सोडले आणि व्यापार सुरू केला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, स्वभाव सचोटीचा होता. व्यापारात जम बसला आणि पैसा आला.

गोष्ट इथे संपली असती तर गोन्सालो गार्सिया हे नाव आज कोणाला ठाऊक नसते. व्यापारानिमित्त त्यांचे मनिलाला जाणे-येणे सुरू झाले. फिलिपाइन्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते. तिथे गरिबांमध्ये आणि कुष्ठरुग्णांमध्ये राहून सेवा करणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाशी त्यांची ओळख झाली. भरात आलेला व्यापार सोडून ते या संघात दाखल झाले. तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर ‘ले ब्रदर’ म्हणून. ले ब्रदर मिस्सा अर्पण करू शकत नाही. संघातली पडेल ती कामे करायची, हाच त्याचा धर्म.

जपानला परत का जावे लागले?

कारण राजकीय होते. जपानमध्ये तोवर तोयोतोमी हिदेयोशी याचा उदय झाला होता. साध्या घरातून वर आलेल्या या सेनानीने शंभर वर्षे आपापसात लढणाऱ्या सरदारांना एका छत्राखाली आणले होते. १५९२मध्ये त्याने कोरियावर स्वारी केली. त्याच सुमारास त्याने फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरलाही आपले स्वामित्व मान्य करण्याची मागणी धाडली.

मनिलात घबराट उडाली. शरण जायचे नव्हते आणि युद्धही परवडणारे नव्हते. वेळ काढण्यासाठी १५९३मध्ये एक शिष्टमंडळ पाठवण्यात आले. त्याचे प्रमुख फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता होते. त्यांच्या चमूत जपानी बोलणारा माणूस हवा होता आणि तो संघातच उपलब्ध होता : ब्रदर गोन्सालो.

अशा रीतीने वसईत जन्मलेला, जेझुइटांनी न स्वीकारलेला हा माणूस जपानच्या सर्वशक्तिमान शासकासमोर स्पेनचा दुभाषी म्हणून उभा राहिला. कोरियाच्या मोहिमेसाठी हिदेयोशीने क्यूशूच्या किनाऱ्यावर नागोया इथे तळ ठोकला होता. (आजचे मोठे नागोया शहर वेगळे.) तिथे ही भेट झाली. एका शब्दाची चूक झाली असती तरी शासकाचा राग ओढवला असता. भेट निभावली. इतकेच नव्हे, तर शिष्टमंडळाला क्योतोमध्ये राहण्याची परवानगी आणि पुढे घर बांधायला जागाही मिळाली.

फ्रान्सिस्कनांनी क्योतोत चर्च उभारले. त्याच्या शेजारी कुष्ठरुग्ण आणि गरिबांसाठी रुग्णालये चालवली. जपानमध्ये कुष्ठरुग्णांना तेव्हा घराबाहेर काढले जाई. या रुग्णालयांत काम करणारे स्वयंपाकी, सुतार, दुभाषी, औषध देणारे असे अनेक जपानी ख्रिस्ती या संघाशी जोडले गेले. पुढे क्रुसावर गेलेले बहुतेक जण यांच्यातलेच होते.

मग हिदेयोशी विरोधात का गेला?

छळाच्या कथांमध्ये राजाला नुसता क्रूर ठरवून विषय संपवला जातो. इथे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे.

हिदेयोशीने १५८७मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. ख्रिस्ती दाइम्यो प्रजेला धर्मांतर करायला भाग पाडतात, बौद्ध मंदिरे आणि शिंतो देवस्थाने पाडली जातात, पोर्तुगीज व्यापारी जपानी लोकांना गुलाम म्हणून विकतात, असे त्याचे आक्षेप होते. ते निराधार नव्हते. शिवाय १५८०मध्ये एका ख्रिस्ती दाइम्योने नागासाकी बंदर चक्क जेझुइटांच्या ताब्यात दिले होते. देश नुकताच एकत्र आणलेल्या शासकाला ही गोष्ट खटकणारच होती. त्याने नागासाकी काढून घेतले. मात्र पोर्तुगीज व्यापार हवा असल्याने हुकमाची सक्तीने अंमलबजावणी केली नाही. जेझुइट गुपचूप काम करत राहिले.

फ्रान्सिस्कन आले आणि त्यांनी राजधानीत उघडपणे काम सुरू केले. जपान हे आपलेच क्षेत्र आहे, असे जेझुइट मानत. १५८५मध्ये पोपनेही तसा आदेश दिला होता. दोन संघांत तणाव वाढला. त्यामागे पोर्तुगीज आणि स्पॅनिश व्यापाराची चढाओढही होती. १५८०पासून दोन्ही देशांचा राजा एकच असला तरी ही स्पर्धा संपली नव्हती.

‘सॅन फेलिपे’ प्रकरण काय होते?

ऑक्टोबर १५९६मध्ये ‘सॅन फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांतातील उरादो इथे किनाऱ्याला लागले. ते मनिलाहून मेक्सिकोतील अकापुल्कोला निघाले होते आणि मौल्यवान मालाने भरलेले होते. कोरियाच्या युद्धाने हिदेयोशीची तिजोरी रिकामी होत होती. त्याच्या अधिकाऱ्यांनी माल जप्त केला.

यानंतर जहाजावरच्या एका सुकाणूधारकाने नकाशा दाखवून स्पेनच्या साम्राज्याची बढाई मारली, आधी मिशनरी जातात आणि मागून सैन्य येते, असे त्याने सुचवले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ती खरी किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. जेझुइट आणि फ्रान्सिस्कन यांनी घडल्या प्रकाराचा दोष एकमेकांवर टाकला. परिणाम मात्र स्पष्ट होता. हिदेयोशीला संशयासाठी निमित्त मिळाले आणि जप्तीला समर्थनही.

८ डिसेंबर १५९६ रोजी क्योतो आणि ओसाकातील फ्रान्सिस्कन घरांभोवती पहारे बसले. काही दिवसांनी मृत्युदंडाचा आदेश आला.

यादीत कोण होते?

सुरुवातीला यादी मोठी होती. ती अधिकाऱ्यांनी कमी करत २४ नावांवर आणली. त्यात सहा फ्रान्सिस्कन होते : पेद्रो बाउतिस्तांसह चार स्पॅनिश, ‘सॅन फेलिपे’वरून उतरलेला मेक्सिकोचा तरुण फेलिपे आणि वसईचे गोन्सालो. तीन जपानी जेझुइट होते. त्यांतले पॉल मिकी हे नामांकित प्रवचनकार होते. उरलेले सामान्य जपानी ख्रिस्ती होते. त्यांत तीन मुलेही होती : १२ वर्षांचा लुइस इबाराकी, १३ वर्षांचा अँथनी आणि त्यांच्याहून थोडा मोठा थॉमस कोझाकी.

यादीतल्या एका नावाची हकिगत वारंवार सांगितली जाते. शिपायांनी फ्रान्सिस्कनांच्या घरातील मथियास नावाच्या स्वयंपाक्याला हाक मारली, तेव्हा तो तिथे नव्हता. शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या एका ख्रिस्ती माणसाचे नावही मथियासच होते. तो पुढे आला आणि आपल्यालाच घेऊन जा, असे त्याने सांगितले. शिपायांना मोजणी पूर्ण करायची होती. त्यांनी त्याला नेले.

क्योतो ते नागासाकी : महिनाभराची पायपीट

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा काही भाग कापण्यात आला. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. तो राबवणाऱ्या अधिकाऱ्याने शिक्षा सौम्य केली. नंतर बैलगाड्यांत बसवून त्यांची क्योतो, ओसाका आणि साकाई या शहरांतून धिंड काढण्यात आली.

शिक्षा क्योतोतच देता आली असती. पण नागासाकीत ख्रिस्ती लोक सर्वाधिक होते, म्हणून तिथेच जरब बसवायची असे ठरले. त्यामुळे ऐन थंडीत सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास सुरू झाला. हिमवर्षावाचे दिवस, अंगावर अपुरे कपडे, चिघळलेली जखम आणि वाटेत प्रत्येक गावात बघ्यांची गर्दी.

दहशत बसवण्यासाठी आखलेल्या या प्रवासाचा परिणाम उलटा झाला. कैदी प्रार्थना करत, भजने गात चालले. वाटेतल्या ख्रिस्ती लोकांनी धोका पत्करून त्यांना भेट दिली. कैद्यांची देखभाल करायला एक जेझुइट धर्मगुरूने पीटर सुकेजिरो नावाच्या माणसाला पाठवले होते. फ्रान्सिस नावाचा एक सुतारही स्वतःहून मागे चालत आला होता. पहारेकऱ्यांनी शेवटी या दोघांनाही पकडून कैद्यांत टाकले. सुटण्याची धडपड दोघांनीही केली नाही. २४चे २६ झाले ते असे.

वाटेत मिहारा इथल्या मुक्कामात थॉमस कोझाकीने आईला पत्र लिहिले. त्याचे वडील मायकेल हेही कैद्यांत होते. आपली आणि वडिलांची काळजी करू नये, धाकट्या भावांना श्रद्धेत वाढवावे, असा त्याचा आशय होता. पत्र पोहोचवायला कोणी मिळाले नाही. मृत्यूनंतर ते वडिलांच्या कपड्यांत रक्ताने डागाळलेले सापडले.

या २६ जणांत युरोपीय, मेक्सिकन, वसईकर आणि जपानी होते. सगळ्यांची मातृभाषा एक नव्हती. स्पॅनिश धर्मगुरू आणि जपानी सोबती या दोन्ही बाजूंशी सहज बोलू शकेल असा त्यांच्यातला माणूस ब्रदर गोन्सालो होते. राजदरबारात स्पेनसाठी वापरलेली भाषा या प्रवासात सोबत्यांशी बोलण्याची भाषा झाली. एकट्या माणसाचा धीर खचू शकतो. इथे एकाचा धीर सुटू नये म्हणून बाकीचे होते, आणि या हकिगतीचा गाभा तोच आहे.

५ फेब्रुवारी १५९७ : निशिझाका टेकडीवर काय घडले?

सकाळी कैदी टेकडीवर पोहोचले. २६ क्रूस ओळीने मांडून ठेवले होते. परंपरा असे सांगते, की गोन्सालो सर्वांत आधी पुढे झाले, आपला क्रूस कोणता ते त्यांनी विचारले, गुडघे टेकून त्याला मिठी मारली आणि क्रुसावर बांधले जाणारे ते पहिले ठरले. त्यांचे वय तेव्हा चाळिशीच्या आसपास होते.

जपानी पद्धतीत खिळे ठोकत नसत. हात, पाय आणि मान लोखंडी कड्या व दोरांनी बांधून क्रूस उभा करत आणि दोन बाजूंनी भाले खुपसत.

शिक्षेवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला छोट्या लुइसची दया आली. ख्रिस्ती धर्म सोडलास तर तुला सोडतो आणि माझ्या घरी ठेवतो, असे त्याने सुचवले होते. मुलाने नकार दिला. अँथनीला क्रुसाजवळ आई-वडील भेटले. ते स्वतः ख्रिस्ती असूनही रडत त्याला विनवत होते. त्यानेही माघार घेतली नाही. क्रुसावरून त्याने स्तोत्र गायले, असे नोंदवले गेले आहे. पॉल मिकींनी क्रुसावरूनच शेवटचे प्रवचन केले. आपण जपानी आहोत, कोणताही गुन्हा केलेला नाही, आणि हिदेयोशीसह या शिक्षेला कारण झालेल्या सर्वांना आपण क्षमा करतो, असे त्यांनी सांगितले.

याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. तीन जपानी जेझुइटांपैकी जॉन सोआन आणि जेम्स किसाई यांनी मृत्यूच्या थोडेच आधी संघाच्या व्रतांची शपथ घेतली. गोन्सालोंना ज्या संघाने वर्षानुवर्षे थांबवून ठेवले, त्याच संघाचे हे तिघे आता त्यांच्याच रांगेत होते. संघांमधली चढाओढ, युरोपीय-आशियाई हा भेद, धर्मगुरू-ब्रदर ही उतरंड, टेकडीवर यातले काहीच उरले नाही.

यांचे बलिदान निष्फळ ठरले का?

लगेचचा परिणाम पाहिला तर तसे वाटू शकते. हिदेयोशी १५९८मध्ये मरण पावला. नंतर सत्तेत आलेल्या तोकुगावा घराण्याने १६१४मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. १६२२मध्ये नागासाकीत ५०हून अधिक जणांना एकाच दिवशी मारण्यात आले. लोकांना येशू किंवा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवायला लावून कोण ख्रिस्ती आहे ते ओळखण्याची पद्धत आली. तिला ‘फुमी-ए’ म्हणतात. अनेकांनी नकार देऊन मरण पत्करले. अनेकांनी प्रतिमा तुडवली आणि घरी जाऊन क्षमेची प्रार्थना केली. बंदीच्या काळातील श्रद्धेत या दोघांचाही समावेश आहे. हुतात्म्यांच्या कथा सांगताना खचलेल्यांना विसरणे अन्यायाचे ठरेल.

पण गोष्ट इथे थांबली नाही. धर्मगुरू उरले नाहीत, चर्च उरले नाही, तरीही नागासाकी परिसरातील गावांत लोक लपून श्रद्धा जपत राहिले. गावातलाच एक जण बाप्तिस्मा देई, एक जण सणांची दिनदर्शिका सांभाळे. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना तोंडी एका पिढीकडून दुसरीकडे गेल्या. कान्नोन या बौद्ध देवतेसारख्या दिसणाऱ्या मूर्तीपुढे मरियेची प्रार्थना केली गेली. हे सुमारे अडीचशे वर्षे चालले.

मार्च १८६५मध्ये नागासाकीतील ओउरा इथे परदेशी लोकांसाठी नव्याने बांधलेल्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही शेतकरी आले. तुमची आणि आमची श्रद्धा एकच आहे, असे त्यांनी फ्रेंच धर्मगुरू बर्नार्ड पेतीजाँ यांना हळूच सांगितले. हे चर्च निशिझाकाच्या २६ हुतात्म्यांनाच समर्पित होते. त्यानंतरही उराकामीच्या लोकांना हद्दपारी सोसावी लागली. बंदी उठली ती १८७३मध्ये. या लपलेल्या ख्रिस्ती वसाहतींशी संबंधित स्थळांना २०१८मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

संतपद कधी मिळाले?

१६२७मध्ये रोमने या हुतात्म्यांना ‘धन्यवादित’ घोषित केले. संतपदाच्या आधीची ही पायरी. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी सर्व २६ जणांना संत म्हणून जाहीर केले. त्यामुळे गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना २००८मध्ये संतपद मिळाले. त्या संतपद मिळालेल्या पहिल्या भारतीय महिला. ‘पहिले’ आणि ‘पहिली महिला’ यांत गल्लत होते, म्हणून हा खुलासा.

वसईला त्यांची आठवण आहे का?

आहे. वसईतील गास गावचे चर्च त्यांच्या नावाचे आहे आणि वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालयही आहे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकल्यावर किल्ल्यातली चर्च ओस पडत गेली. परंतु आसपासच्या गावांतला मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज तिथेच राहिला आणि त्याने आपल्या गावच्या संताची आठवण जपली. तिकडे नागासाकीत १९६२मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, निशिझाका टेकडीवर स्मारक आणि संग्रहालय उभे राहिले. शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी घडवलेल्या २६ ब्राँझ आकृती तिथे एका रांगेत आहेत. त्यांत वसईचे गोन्सालोही आहेत.

आज या चरित्राचे महत्त्व काय?

गोन्सालोंच्या आयुष्यात एक विरोधाभास आहे. ते जन्मले त्या वसईत त्यांचा धर्म हा सत्तेचा धर्म होता. १५६०मध्ये गोव्यात धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन सुरू झाले आणि अन्य श्रद्धांच्या लोकांवर, नवख्रिस्ती कुटुंबांवरही त्याची दहशत बसली. जपानमध्ये नेमकी उलट स्थिती होती. तिथे तोच धर्म सत्तेच्या संशयाखाली आला. एकाच पिढीत, एकाच समुद्रमार्गाच्या दोन टोकांना, एकाच धर्माचे लोक एका ठिकाणी छळ करणाऱ्या व्यवस्थेच्या बाजूला होते आणि दुसऱ्या ठिकाणी छळ सोसणाऱ्यांच्या.

श्रद्धेसाठी कोणाला भय वाटू नये, हे तत्त्व कुठल्या एका धर्मापुरते नाही, हे या इतिहासातून दिसते. माणूस कोणत्या देवाला हात जोडतो, हे तलवारीने ठरवता येत नाही. गोव्यात ते ठरवता आले नाही आणि जपानमध्येही नाही.

दुसरा मुद्दा निष्ठेचा. गोन्सालो गार्सिया यांच्याजवळ मोठे पद कधीच नव्हते. हवा असलेला संघ त्यांना मिळाला नाही, मिळालेल्या संघात शेवटची पायरी मिळाली. जमलेला व्यापार त्यांनी स्वतः सोडला. ज्या भाषेमुळे ते जपानला परतले, तीच भाषा त्यांना निशिझाकापर्यंत घेऊन गेली. त्या टेकडीवरही ते एकटे नव्हते. शेजारी एक स्वयंपाकी नव्हता, पण त्याच्या जागी आलेला त्याच्याच नावाचा माणूस होता. मागून चालत आलेला सुतार होता. बारा वर्षांचा एक मुलगा होता. संकटात माणसे टिकतात ती बहुधा अशीच, एकमेकांच्या आधाराने.

निशिझाकाच्या स्मारकात गोन्सालोंची आकृतीही म्हणूनच एकटी नाही. ती बाकीच्या पंचविसांच्या रांगेत, खांद्याला खांदा लावून उभी आहे.